घुंगरू पुन्हा बांधताना : सोलापूरकरांचे प्रश्न

नृत्यवर्ग चालवणाऱ्यांनी आणि तिथं मुलं पाठवणाऱ्या पालकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. सर्वाधिक पत्रं सोलापुरातून आली. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली नाट्यगृहं निम्म्या क्षमतेनं उघडली, शाळा सुरू झाल्या, क्लासच्या दारावरची कुलपंही निघाली. पत्रांत प्रश्न आहेत भाड्याचे, फरशीचे, नेटचे, दमाचे. पण बहुतेक पत्रांच्या शेवटी एक ओळ वेगवेगळ्या शब्दांत येते : या दीड वर्षात ज्यांनी सांभाळून घेतलं, त्यांचं काय करायचं? म्हणून यावेळी हिशेब आणि कृतज्ञता यांची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत.

प्रश्न : टाळेबंदीआधी माझ्या कथकच्या क्लासला ६२ मुली होत्या, आता २७ येतात. एप्रिल ते सप्टेंबर २०२० क्लास पूर्ण बंद होता. तरी अकरा घरांनी न मागता दरमहा ६०० रुपये फी पाठवली. ते पैसे परत करावेत असं वाटतं, पण हातात काही उरत नाही. सोबत महिन्याचा खर्च लिहून पाठवत आहे. (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, आधी खर्च पाहू. भाडं ९,०००, वीज १,४००, मदतनीस शिक्षिकेचे ५,०००, तबल्याच्या आठ बैठकांचे ४०० प्रमाणे ३,२००, इंटरनेट ७०० आणि साफसफाई ७००. एकूण २०,०००. सहाशेच्या फीनं हा खर्च भागायला ३४ मुली लागतात. २७ मुलींचे १६,२०० येतात, म्हणजे दरमहा ३,८०० रुपये तुम्ही घरातून घालता. आणि या यादीत तुमच्या स्वतःच्या मेहनतीचा रुपयाही धरलेला नाही. तो १०,००० धरला तर ५० मुली हव्यात. ३४ आणि ५० हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. यापुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्याकडे बघून घ्या.

अकरा घरांचे सहा महिन्यांचे ३९,६०० रुपये होतात. ते परत करायला वर्षभर त्यांची फी निम्मी केली तर महिन्याला आणखी ३,३०० कमी येतील आणि तूट ७,१०० वर जाईल. अशानं क्लास दिवाळी ते दिवाळी टिकणार नाही. त्या घरांनी पैसे पाठवले ते मुलीचा क्लास उद्या असावा म्हणून. त्यामुळे रोख परतफेड आत्ता नको.

त्याऐवजी प्रत्येक घराला हातानं लिहिलेलं पत्र द्या. छापील कार्ड नको, व्हॉट्सअॅपवर फुलांचं चित्रही नको. पत्रात रक्कम, महिने आणि त्या पैशाचं काय झालं हे लिहा. ३९,६०० मध्ये चार महिन्यांचं भाडं जाऊन थोडे उरतात. म्हणून असं लिहा : ‘तुम्ही आणि आणखी दहा घरांनी मिळून जून ते सप्टेंबरचं हॉलचं भाडं भरलंत. हॉल सुटला असता तर आज मुली उभ्या राहायला जागा नव्हती.’ नुसतं ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार’ वाचून कुणाला आपण नेमकं काय केलं ते कळत नाही. पत्राच्या शेवटी एक वाक्य जरूर घाला : ‘तुमच्याकडे आता काही ओढाताण असेल तर मुलीची फी राहू द्या, तिचा क्लास चालू राहील.’ २०२० मध्ये ज्यांचं बरं चाललं होतं, त्यांतल्या काहींवर २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पाळी आली आहे. परतफेडीची खरी वेळ ती.

इथं एक चूक हमखास होते. वार्षिक कार्यक्रमात या अकरा पालकांना बोलावून शाल-श्रीफळ दिलं जातं. त्याच क्षणी बाकीच्या सोळा मुलींच्या घरांना आपण दिलं नाही हे चारचौघांत कळतं. पुढच्या महिन्यात त्यांतल्या दोन-तीन मुली ‘अभ्यास वाढलाय’ म्हणून बंद होतात. पालकांच्या ग्रुपवरही नावं टाकू नका.

आणि एक ऋणवही करा. साधी दोनशे पानी वही, चार रकाने : तारीख, कोण, काय दिलं, आपण काय केलं. पैसे देणारे आधी आठवतात, म्हणून इतरांची नावं मुद्दाम शोधा. बंद हॉलच्या खिडक्या आठवड्यातून एकदा उघडणारा वॉचमन, स्वतःच्या फोनवरून चाळीस जणींना लिंक पाठवणारी आई, ऑनलाइन क्लास जमत नव्हता तेव्हा थेट न टोकता रात्री फोन करून चूक सांगणारी मोठी विद्यार्थिनी. महिनाअखेरीला भाड्याचा हिशेब करता तेव्हाच वीस मिनिटं ही वही उघडा आणि एका ओळीचा चौथा रकाना भरा. महिन्याला एकच. सगळे रकाने एकदम भरायला गेलात तर दोन महिन्यांत वही कपाटात जाईल.

प्रश्न : हॉलमालकांनी सात महिने भाडं मागितलं नाही. ‘बघू नंतर’ म्हणाले. ते माफ केलं की मागे ठेवलं, हे विचारायला संकोच वाटतो. इतकं केलं त्यांनी, वर कागद कसा मागायचा? (होटगी रोड)

उत्तर : कागद मागणं हा कृतघ्नपणा नव्हे. ‘बघू नंतर’ याचा अर्थ आज दोघांच्या मनात वेगळा असू शकतो. उद्या व्यवहार त्यांच्या मुलाकडे गेला तर सात महिन्यांची थकबाकी एकदम समोर येईल आणि केलेल्या उपकारावरून भांडण होईल. तुम्हीच एक पानाचं पत्र लिहून न्या. कोणते सात महिने, दरमहा किती, त्यांतले किती महिने माफ आणि किती मागे ठेवले, मागे ठेवलेले दरमहा किती हप्त्यानं देणार. आकड्यांच्या जागा कोऱ्या ठेवा आणि त्यांच्यासमोर भरा. दोघांच्या सह्या, तारीख. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात ही थकबाकी मिसळू नका. त्या कराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची आहे, आणि अकरा महिने संपून तो नवा करताना जुनी बाकी त्यात गेली तर कुठलं भाडं कुठल्या वर्षाचं हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. पत्राच्या पहिल्या ओळीत आभार माना, आकडे त्यानंतर.

प्रश्न : माझा वेस्टर्न आणि लग्नाच्या संगीतचा क्लास आहे. मार्च २०२० पासून ऑनलाइन शिकवतो. पुण्याला गेलेली आणि पंढरपूर, बार्शीकडची मिळून १४ मुलं अजून ऑनलाइनच आहेत, त्यांच्यामुळे क्लास तगला. पण ताल जुळत नाही, डावं-उजवं उलटं होतं, संध्याकाळी चित्र अडकतं. ही बॅच बंद करू का? (विजापूर रोड)

उत्तर : बंद करू नका. या चौदा मुलांनी वाईट दिवसांत तुमच्याकडचं शिक्षण अर्ध्या दर्जात घेतलं आहे. त्यांचे आभार मानायचे तर तो दर्जा सुधारणं हीच रीत.

तालाचं आधी. तुमच्याकडून निघालेला आवाज मुलांपर्यंत आणि त्यांची टाळी परत तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा काही भाग जातो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. उशीर दोन दशांश सेकंदाचा झाला तरी अर्ध्याच्या जवळपास ठोका हुकला. म्हणून ‘सगळे मिळून माझ्याबरोबर’ हे ऑनलाइन कधीच जमणार नाही, आणि मुलांना त्यावरून रागावू नये. गाणं आधीच पाठवा, प्रत्येकानं ते स्वतःच्या घरी वाजवावं, सर्वांचे माइक बंद. तुम्ही तोंडानं मोजून शिकवा, मग मुलं आपापल्या गाण्यावर करतील आणि तुम्ही फक्त बघाल. आठवड्याला एकदा त्यांच्याकडून एका मिनिटाचा व्हिडिओ मागवा. मोठा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर दाबला जातो आणि पायाची हालचाल धूसर होते.

ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. संगणकावरून गाणं शेअर करता तेव्हा मुलांना ते थेट मिळतं आणि तुम्हाला ब्लूटूथवरून उशिरा. तुम्ही बरोबर नाचता, मुलांना चुकलेले दिसता. साध्या वायरनं स्पीकर जोडला की हा दोष जातो. झूमवर आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर टाळ्या, पायांचा आवाज, घुंगरू हा सगळा गोंगाट आहे असं समजून झूम तो पुसून टाकतं.

डावं-उजवं का उलटतं? तुम्हाला तुमचं चित्र आरशासारखं दिसतं, मुलांना मात्र समोर उभ्या माणसासारखं. तुम्ही उजवा हात उचलला की त्यांच्या पडद्यावर तो डावीकडे वर जातो आणि ती डावा उचलतात. नवीन स्टेप शिकवताना कॅमेऱ्याकडे पाठ करा. चेहऱ्याचे भाव आणि हात शिकवताना समोर वळा, पण तेव्हा तोंडानं ‘उजवा’ म्हणत स्वतः डावा वापरा. मुलांचा फोन आडवा, कमरेच्या उंचीवर, आठ ते दहा फुटांवर हवा. जमिनीवर टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये गुडघे मोठे आणि डोकं छाटलेलं दिसतं, आणि चुकीचा गुडघा त्यातच लपतो.

संध्याकाळी चित्र अडकण्याचं कारण बहुधा तुमचं नेट नसतं. व्हिडिओ क्लासला तासाला साधारण एक जीबी डेटा जातो. घरात एक फोन, दिवसाला दीड जीबीचं पॅक, त्यात सकाळी शाळा. संध्याकाळी उरतो तो कोपरा. तुमच्याकडचं एचडी बंद करा, ज्याला दुरुस्त करताय त्याचाच व्हिडिओ चालू ठेवा, आणि बार्शी-पंढरपूरच्या मुलांना सकाळी शाळेआधीची वेळ देऊन बघा. झूमच्या मोफत आवृत्तीत गटाला ४० मिनिटंच मिळतात. ७ मिनिटं अंग मोकळं करणं, २५ मिनिटं शिकवणं, ५ मिनिटं ताण सोडणं असं बसवलं की तेवढी पुरतात. उरलेली तीन मिनिटं नेहमी कुणीतरी उशिरा येण्यात जातात. वीज गेली की राऊटर बंद पडतो, त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस मिळतो. उन्हाळ्यात तो लागेलच.

प्रश्न : मी यंत्रमागावर आहे. मागच्या वर्षी कारखाना बंद पडला, यंदाही परत तेच झालं. पोरीची महिना ६०० प्रमाणे सात महिन्यांची फी दिली नाही. टीचरनी एकदा पण विचारलं नाही, पोरगीला काढलं पण नाही. आता काम सुरू झालंय, पण क्लासवर सोडायला जायची लाज वाटते, बायकोलाच पाठवतो. काय करावं? (अशोक चौक)

उत्तर : दादा, या आठवड्यात तुम्हीच जा. क्लास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, मुली जमायच्या आत. आकडा स्वतः सांगा : सात महिने, ६०० प्रमाणे ४,२०० रुपये. ‘तुम्ही विचारलं नाही, ते लक्षात आहे’ एवढं म्हणा. कारखाना कसा बंद पडला, घरात काय झालं, हे सगळं मांडायची गरज नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे.

चालू फीबरोबर महिन्याला २०० रुपये जादा दिले तर २१ महिन्यांत फिटतं. दोनशे जड असतील तर शंभर सांगा, पण जमेल तेच सांगा. पहिल्या महिन्याला ५०० देऊन दुसऱ्या महिन्यापासून थांबलं की पुन्हा तीच लाज सुरू होते. टीचर ‘राहू द्या’ म्हणाल्या तर एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा नको. त्यांना द्यायचा आनंदही घेऊ द्या. पैशाऐवजी वस्तू द्यायची असेल तर आधी विचारा. तुमच्या ओळखीनं टॉवेल कारखान्याच्या भावात मिळत असतील तर क्लासला तेही उपयोगी पडेल.

मुलीला मात्र ‘टीचरचे उपकार आहेत, नीट नाच’ असं कधी म्हणू नका. ती पायानं चुकली की मग तिला दोन ओझी वाटतील.

प्रश्न : मी सतरा वर्षं कथकच्या क्लासला तबल्याची साथ करतो. ऑनलाइन काळात क्लासनं मोबाइलवरचा लेहरा (तालाबरोबर फिरत राहणारी धून) आणि ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) वापरायला सुरुवात केली, आता प्रत्यक्ष क्लास सुरू झाला तरी तेच चालू आहे. बाई भेटल्या की ‘तुम्ही होतात म्हणून क्लास उभा राहिला’ म्हणतात. (भवानी पेठ)

उत्तर : हे उत्तर आधी क्लास चालवणाऱ्यांसाठी आहे. साथीदाराबद्दलची कृतज्ञता तोंडानं सांगून पोहोचत नाही, त्यांना बैठक द्या. आठ परवडत नसतील तर दोन द्या, पंधरा दिवसांतून एक. आणि यात फक्त माणुसकी नाही, शिक्षणाचंही कारण आहे. मोबाइलचा ठेका कुणासाठी थांबत नाही. मूल तिहाईत, म्हणजे तीनदा घेतलेल्या तुकड्यात, अर्धी मात्रा मागे पडलं तर तबलजी ते ओळखतो, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्याला सावरून घेतो, आणि पुढच्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीला, मुद्दाम सावरून घेत नाही. दीड वर्ष यंत्रावर नाचलेल्या मुलींची लय पक्की वाटते, पण माणसाबरोबर बसवलं की सम निसटते. परीक्षेला समोर माणूसच असणार आहे.

गुरुजी, तुम्हीही एक गोष्ट स्वतः पुढे होऊन मांडू शकता. तीनतालाचं रेकॉर्डिंग पाच लयींत करून द्या : मिनिटाला ६०, ८०, १००, १२० आणि १६० मात्रा, प्रत्येकी तीन मिनिटं. एका कानात इअरफोन लावून त्यात मेट्रोनोम ठेवा. फोन तबल्यापासून दोन फुटांवर, पुडीच्या (तबल्याच्या चामड्याच्या) उंचीला. खोली घुमत असेल तर मागच्या आणि बाजूच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी टांगा, घुमारा बराच कमी होतो. सुरुवातीला एक आवर्तन तोंडानं मोजा, म्हणजे मुलींना सम कुठून हे कळेल. मानधन बैठकीच्या हिशेबानं घ्या आणि रेकॉर्डिंग फक्त याच क्लाससाठी आहे असं दोन ओळींत लिहून घ्या.

तबला बरेच दिवस वाजला नसेल तर पुढच्या उन्हाळ्याची काळजी आत्ताच करा. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवला की सोलापूरच्या कोरड्या उन्हानं शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) भेगा जातात. जाड कापडी आवरण घालून भिंतीकडेच्या थंड कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत माझा २० बाय ३० फुटांचा हॉल तीन महिने बंद होता. प्लायवुडची जमीन फुगली आहे, आरशाच्या कडा काळ्या पडल्यात, घुंगरू हिरवे झालेत. कशापासून सुरुवात करू? मुलींना किती अंतरावर उभं करू? (सात रस्ता)

उत्तर : जमिनीपासून. फुगलेल्या जागी दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि २४ तासांनी उचला. खाली दव साचलं असेल तर ओल अजून येते आहे. ती थांबवल्याशिवाय नवं प्लाय घातलं तर तेही फुगेल. कोरडं निघालं तर फक्त फुगलेला तुकडा बदला. काठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर वाळवी असू शकते. नवीन प्लाय १८ मिलिमीटरचं घ्या आणि खाली रबराचा थर द्या. थेट फरशीवर तत्कार (पायांचे ठोके) केली की नडगीचं दुखणं सुरू होऊ शकतं. घरी सराव करणाऱ्या मुलींना हेही सांगा की फरशीवर चादर अंथरून नाचायचं नाही. ती सरकते आणि घोटा मुरगळतो.

आरशाच्या काळ्या कडा परत पांढऱ्या होत नाहीत. त्या पुढे पसरू नयेत म्हणून कडेनं न्यूट्रल सिलिकॉन भरा आणि पुसताना पाणी आरशावर फवारण्याऐवजी फडक्यावर घ्या. जमीन रोज साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसली तरी पुरे. लाकडावर हायपोक्लोराइट ओतलं की पॉलिश जातं आणि शिवणीत पाणी मुरतं. ते दाराच्या मुठींना आणि संडासात वापरा, पण टॉयलेट क्लीनरच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

घुंगरू चिंचेच्या पाण्यात भिजत घालायची जुनी सवय असते. आत लोखंडी गोळी असते, ती गंजते आणि आवाज बसतो. ओलसर फडक्यावर पितांबरी घेऊन एकेक घुंगरू वरून चोळा, दुसऱ्या कोरड्या फडक्यानं पुसा आणि तासभर उन्हात ठेवा. सुती दोरी कुजली असेल तर पूर्ण बदला. मध्येच गाठ मारलेली दोरी चक्करमध्ये (गिरकी घेताना) तुटते आणि घुंगरू जमिनीभर होतात.

तुमचा हॉल २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट आहे. सहा फुटांचे चौकोन आखले तर कागदावर १५ बसतात, पण दार, चपला आणि तुमची जागा सोडून दहाच उभ्या करा. चक्करला चौकोन मोडतोच. हवा खेळती राहणं महत्त्वाचं. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या आणि एका खिडकीत हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटं हॉल रिकामा राहू द्या.

प्रश्न : वय ४१. सप्टेंबरमध्ये कोरोना झाला, घरीच बरी झाले. आता द्रुत लयीत दोन आवर्तनांतच धाप लागते. मुलींसमोर थांबायला नको वाटतं. (साखर पेठ)

उत्तर : थांबा. आजारात छातीत दुखलं, धडधडलं असेल तर आधी डॉक्टर आणि ईसीजी. तसं काही नसेल तर आजाराच्या सुरुवातीपासून किमान दहा दिवस विश्रांती आणि सलग सात दिवस कोणतंही लक्षण नाही, एवढं झाल्यावरच सुरुवात. पहिले दोन दिवस १५ मिनिटं, नुसते हस्तक (हातांच्या हालचाली) विलंबित लयीत. मग एक दिवस ३० मिनिटं, पुढे ४५. द्रुत तत्कार आणि चक्कर सगळ्यात शेवटी. त्रास वाटला की एक पायरी मागे जायचं.

नाडीचा अंदाज असा : २२० मधून वय वजा करा, १७९ आले. सुरुवातीच्या दिवसांत याच्या ७० टक्क्यांच्या, म्हणजे १२५ च्या, आत राहा. मोजणं जमत नसेल तर नाचता नाचता मोठ्यानं पढंत करा, म्हणजे बोल तोंडानं म्हणा. बोल तुटायला लागले की लय जास्त झाली. छातीत दुखणं, भोवळ, धडधड यांपैकी काही आलं तर त्या दिवशी नाच बंद आणि डॉक्टरांना दाखवा. मुलींना खरं सांगा, बसून पढंत करा, मोठ्या मुलीला पुढे उभं करा. आजारातून उठलेलं शरीर कसं सांभाळायचं, हे त्यांना दुसरं कोण शिकवणार?

प्रश्न : मी क्लास बंद केला. आरसे, स्पीकर विकले. मेमध्ये आई गेली. सगळे म्हणतात, तू वाचलीस हेच खूप, देवाचे आभार मान. मला मानावेसे वाटत नाहीत. माझ्यात काही चुकतंय का? (नाव-पत्ता नको)

उत्तर : काही चुकत नाही. आभार मागून घेता येत नाहीत. आई गेलेल्या माणसाकडे तर ते मागूच नयेत. ‘तू वाचलीस हेच खूप’ म्हणणारा बहुधा स्वतःला धीर देत असतो. त्याला उत्तर द्यायचं तुमच्यावर बंधन नाही.

वर आम्ही ऋणवही सांगितली. तुम्ही ती आत्ता करू नका. तुम्ही गेलेल्या गोष्टींची वही करा, तितक्याच नेमकेपणानं. आरसे किती, कितीला घेतले, कितीला गेले. बॅच किती, त्या वेळेला आता तुम्ही काय करत असता. आईबद्दलचं लिहावंसं वाटलं तर लिहा, तारीख घालून. नुकसान ‘सगळंच गेलं’ असं मोघम राहिलं की ते रोज वाढत जातं. कागदावर त्याला कडा येतात. लिहिता लिहिता कधी एखादं नाव आपोआप पुढे येईल, स्पीकर न्यायला आलेला असताना भाव न पाडणारा कुणीतरी. आलं तर आलं. ते शोधायला बसू नका.

नाचायला उभं राहण्याआधी आपण भूमिप्रणाम करतो. त्यात पाय आपटण्याबद्दल जमिनीची क्षमा मागितलेली असते, म्हणजे तिथंही सगळी सुरुवात आभारानं होत नाही. शक्य झालं तर दिवसातून पाच मिनिटं घरी उभं राहा, घुंगरूंशिवाय, मिनिटाला साठच्या लयीत तत्कार. जमलं नाही तर त्या दिवशी सोडून द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण उडालेलं असेल, कशातच मन लागत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जाऊन या. आणि जगणं नको असं वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसू नका. आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि त्यांना बरोबर घेऊन जा.

पुन्हा शिकवायचं ठरवलंत तर हॉलपासून सुरुवात नको. ओळखीच्या घराच्या गच्चीवर सकाळी साडेसहाला चार मुली, स्पीकर नाही, तोंडानं पढंत. भाडं नाही, वीज नाही, आणि उन्हाच्या आत संपतं. पण ते तुम्हाला वाटेल तेव्हा. क्लास बंद करणं हाही व्यवस्थित घेतलेला निर्णय असू शकतो.

प्रश्न : सर्वांचे आभार मानायला हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मोठा कार्यक्रम करावा का? (नवी पेठ)

उत्तर : यंदा नको. भाडं-लाइट-साउंड-मेकअपचा खर्च, आणि शेवटी तो पालकांकडूनच गोळा होणार. ज्यांचे आभार मानायचे, त्यांच्याकडूनच वर्गणी घेऊ नका. हॉलमध्येच तीन रविवारी दहा-दहा मुलींचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम करा. प्रत्येक मुलीमागे घरचे दोघे, खिडक्या उघड्या, साथीला तबलजी समोर बसलेले. वॉचमन आणि हॉलमालक यांना पहिल्याच रविवारी बोलवा आणि खुर्च्या पुढच्या रांगेत ठेवा. मुलींनी दीड वर्षात ऑनलाइन जे शिकलं तेच सादर करावं, नवीन काही बसवू नये.